दुपारपर्यंत होऊन जाईल

अमेरिकेत मिशिगन-ओहायोच्या बाजूला उपनगरातल्या कोणत्याही गल्लीत हा गृहस्थ हमखास भेटतो. पन्नाशी उलटलेली, डोक्यावर तेलकट टोपी, नोकरी कसलीही (शाळेत इतिहास शिकवणारेही या पंथात आहेत), आणि घरापुढच्या सिमेंटच्या उतारावर उभा डॉज रॅम २५००. १९९४ ते २००२ या काळात निघालेल्या पिढीतला, पोटात ५.९ लिटरचं कमिन्स डिझेल इंजिन. नवा पिकअप घ्यायची ऐपत त्याला असते, पण तो विषय त्याच्यापुढे काढायचा नसतो.

शुक्रवारी रात्री जेवताना तो जाहीर करतो, की पुढची बेअरिंगं आणि ॲक्सलचे जॉइंट बदलायला झालेत, उद्या सकाळी बसतो, दुपारपर्यंत होऊन जाईल. बायको मान डोलावते आणि पर्समधून स्वतःच्या गाडीची किल्ली काढून ओट्यावर ठेवते. का, ते पुढे येईल.

रोगाचं निदान त्याने महिनाभर आधीच केलेलं असतं, तेही कानाने. ताशी साठ मैलांवर घूंऽऽ असा आवाज येतो. गाडी किंचित डावीकडे वळवली की तो चढतो, उजवीकडे वळवली की उतरतो. डावीकडे वळताना भार उजव्या चाकावर येतो, म्हणजे ओरडतंय ते उजवं बेअरिंग. हे पक्कं करण्यासाठी तो रेडिओ बंद करतो, काचा वर करतो आणि मागे बसलेल्या पोरांना तोंडं मिटायला लावतो. मग चाक जॅकवर उचलायचं, घड्याळातल्या बारा आणि सहाच्या जागी हात घालायचे आणि हिसडा द्यायचा. चाक खुळखुळलं की स्वारी खूश! आपलं म्हणणं खरं ठरल्याच्या आनंदात पुढचा खर्च त्याला दिसत नाही.

या ॲक्सलची रचना त्याला तोंडपाठ असते आणि ऐकायला कुणीही चालतं. टपाल टाकणारा चालतो, पिझ्झा घेऊन आलेला पोरगाही चालतो. फोर-बाय-फोर म्हटल्यावर पुढची चाकं इंजिनच्या जोरावर फिरलीही पाहिजेत आणि वळलीही पाहिजेत. म्हणून चाक जिथे वळतं नेमक्या त्याच जागी शाफ्टमध्ये एक सांधा असतो. पोलादाची फुली, तिच्या चार टोकांवर चार टोप्या, आणि प्रत्येक टोपीच्या आतल्या कडेला ओळीने उभे केलेले सुईएवढे रोलर. आपल्याकडचा मिस्त्री त्याला नुसतं ‘क्रॉस’ म्हणून मोकळा होतो. हा गृहस्थ मात्र सोळाव्या शतकातल्या इटलीच्या कार्डानोपासून सुरुवात करतो. तिथून सतराव्या शतकातल्या रॉबर्ट हुककडे येतो आणि मग मोटारीसाठी या सांध्याचं पेटंट घेणाऱ्या क्लॅरेन्स स्पायसरकडे. स्पायसरच्याच कंपनीची पुढे डेना झाली आणि डेनानेच हा ॲक्सल बनवला, इथे येऊन तो थांबतो. तोवर पिझ्झा गार झालेला असतो.

बेअरिंगवर मात्र त्याचा मनापासून राग. ते हबमध्येच, म्हणजे चाक ज्यावर बसतं त्या तुंब्यातच, सीलबंद येतं. उघडता येत नाही, ग्रीस भरता येत नाही. वाजायला लागलं की अख्खा डबा बदला. १८९८ साली हेन्री टिमकेनने निमुळत्या रोलरच्या बेअरिंगचं पेटंट घेतलं ते काय असे डबे भंगारात टाकायला, असा त्याचा सवाल असतो. या सवालात दम आहे. जुन्या पद्धतीचे, ग्रीस भरता येणारे हब बसवून देणारे संच बाजारात मिळतात, फक्त त्यांची किंमत बायकोला सांगण्याजोगी नसते.

आता शनिवार. खरा शत्रू बेअरिंग नसून गंज आहे, हे सकाळी नऊच्या सुमाराला स्पष्ट होतं. इथे हिवाळाभर रस्त्यांवर मीठ टाकतात. डेट्रॉइट शहराच्या खालीच, हजार फुटांहून खोल, मिठाची भलीमोठी खाण आहे. वर मोटारी बनवायच्या आणि त्यांना खाणारं मीठ पायाखालून काढायचं, इतकी घरगुती सोय दुसऱ्या कुठल्या उद्योगनगरीची नसावी. वीस-पंचवीस हिवाळे हे मिठाचं पाणी प्यायलेला हब नकलच्या, म्हणजे चाकाला वळवणाऱ्या लोखंडी सांगाड्याच्या, भोकात असा बसतो, की दोन वेगळे भाग होते यावर विश्वास बसत नाही.

मधला मोठा नट काढायला एक पूर्णांक अकरा सोळांश इंचाचा सॉकेट लागतो. जगातल्या दुसऱ्या कुठल्याही कामाला तो लागत नसल्यामुळे आपल्याकडे तो असणं ही प्रतिष्ठेची गोष्ट. पान्याला चार फुटी पाइप जोडून त्यावर तो स्वतः उभा राहतो आणि नट सुटतो. हब सुटत नाही. मग गंज सोडवायचं तेल. मग ॲसिटोन आणि गिअरबॉक्सचं तेल अर्धंअर्धं मिसळून केलेला घरगुती काढा. मग हातोडा, मग मोठा हातोडा. शेवटी ट्रकलाच कामाला लावायचं. हबचे मागचे बोल्ट थोडे ढिले करायचे, एका बोल्टच्या डोक्याला सॉकेटची लांब दांडी लावून तिचं दुसरं टोक ॲक्सलला टेकवायचं, इंजिन चालू करायचं आणि बायकोला आत बसवून स्टिअरिंग वळवायला सांगायचं. पॉवर स्टिअरिंगचा सगळा जोर त्या दांडीवर येतो. ‘‘हळू... हळू... अगं हळू!’’ आणि बंदूक उडाल्याचा आवाज होऊन हब बाहेर. पलीकडच्या घरातला कुत्रा पुढे अर्धा तास भुंकतो.

इथपर्यंत काम खरोखर दुपारपर्यंत होऊ शकलं असतं. पण उघडलेल्या चाकासमोर बसल्यावर त्याला तो प्रसिद्ध विचार सुचतो, की आता उघडलंच आहे तर! उघडलंच आहे तर बॉल जॉइंटही बदलू. बॉल जॉइंट बदलतोय तर टाय रॉडची टोकंही. ब्रेकची डिस्क हातात आलीच आहे, तर पॅडही नवे. शाफ्ट ओढताना आतलं तेलाचं सील जराही दुखावलं, तर ते बदलायला अख्खं डिफरन्शियल खोलावं लागतं, आणि हे सांगताना त्याच्या आवाजात भीती कमी, आशा जास्त असते.

आता त्या किल्लीचं. त्याचा ट्रक स्टँडवर तीन चाकांनिशी उभा, म्हणून सुट्या भागांच्या दुकानाच्या खेपा बायकोच्या गाडीतून. बॉल जॉइंट दाबायचं प्रेस दुकानदार अनामत घेऊन वापरायला देतात, परत केलं की पैसे परत. गॅरेजचा ताशी शंभर डॉलरच्या वरचा दर वाचवण्याच्या हिशोबात ही अनामत तो बचतीच्या बाजूला मांडतो.

संध्याकाळी क्रॉस बसवताना चौथी टोपी पूर्ण आत जात नाही. सर्क्लिपची खाच अर्धीच दिसते. म्हणजे आत एक सुई आडवी पडली. टोपी बाहेर काढा, सुया ग्रीसमध्ये पुन्हा उभ्या करा, पुन्हा दाबा. शेजारी बिअरचे कॅन घेऊन भोवती जमतात आणि प्रत्येकाकडे दाबण्याची वेगळी पद्धत असते.

या घोळक्यात कधी चहाचा मग घेतलेला एखादा मराठी इंजिनिअरही असतो. डेट्रॉइटच्या आसपास मराठी माणसं पुष्कळ आणि त्यांतली बरीच वाहनउद्योगातच. हा दिवसभर संगणकावर बेअरिंगवरच्या भाराचे आलेख काढतो, पण बेअरिंगला हात म्हणून लावलेला नसतो. तो भाबडेपणाने विचारतो, ‘‘हे गॅरेजला का देत नाही?’’ सगळे गप्प होतात. बिअर पिणारे जमिनीकडे बघतात. यजमान मोठ्या मनाने त्याच्या हाती टॉर्च देतो आणि कुठे धरायचा ते दाखवतो.

पुढच्या महिन्यात त्याच इंजिनिअरची जुनी होंडा घूं करायला लागते. तो संकोचत येतो. गाडीचं नाव पुरतं तोंडातून निघायच्या आत गृहस्थ पुढच्या चाकाखाली आडवा झालेला असतो. होंडाचं बेअरिंग वेगळं, ते नकलमध्ये ठोकून बसत नाही, दाबूनच बसवावं लागतं, हे तो खालूनच सांगतो. म्हणजे हायड्रॉलिक प्रेस हवं. वीस टनांचं. तो बाहेर येतो, पँटीला हात पुसतो आणि घराकडे तोंड करून बायकोला मोठ्याने सांगतो, की शेजाऱ्याची अडचण आहे, आता घ्यावंच लागेल.