दहा लाख डॉलरचे साहेब

पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेला अभियंता एक तर सोसायटीचा सेक्रेटरी होतो, नाहीतर नेव्हिए-स्टोक्सची समीकरणं सोडवायला घेतो. आमचे साहेब दुसऱ्या वाटेला लागले आणि सोसायटी वाचली.

2000 साली क्ले मॅथेमॅटिक्स इन्स्टिट्यूटनं गणितातले सात प्रश्न निवडून प्रत्येकावर दहा लाख डॉलर लावले, त्यांतला या समीकरणांचा प्रश्न एक. धरणाच्या सांडव्यापासून विमानाच्या पंखापर्यंत वाहत्या पाण्याचे-हवेचे सगळे हिशेब या समीकरणांवर होतात. पण त्रिमितीत अगदी सुरळीत सुरू झालेला प्रवाह कायम सुरळीतच राहतो, की काही वेळानं एखाद्या बिंदूपाशी त्याचा वेग अनंत होतो, हे कुणालाही सिद्ध करता आलेलं नाही. द्विमितीतलं उत्तर केव्हाच मिळालंय. त्रिमितीत मात्र भोवरे ताणले जातात, ताणता ताणता बारीक होतात आणि आणखी जोरात फिरू लागतात. सगळी गोम तिथं आहे.

साहेबांना गोम मान्य नाही. “अहो, आख्खी नोकरी कालव्यावर गेली. वेग अनंत झाल्याची एक तक्रार नाही. रजिस्टर काढून बघा!”

1822 मध्ये ही समीकरणं मांडणारा नेव्हिए मूळचा रस्ते-पूलवाला, म्हणून तो साहेबांना खात्यातलाच वाटतो. पॅरिसमधला त्याचा झुलता पूल पुरा होण्याआधीच उतरवावा लागला, हे सांगताना साहेबांचा आवाज कापतो. “ठेकेदारानं घात केला असणार.” स्टोक्स केंब्रिजचा प्राध्यापक. त्याच्याबद्दल ते फारसं बोलत नाहीत.

प्रवाह बिघडत नाही ही आपली सिद्धता तपासायला त्यांनी वरच्या मजल्यावरच्या गणिताच्या प्राध्यापकांना गाठलं. अवघड पायरी जिथं यायला हवी होती, तिथं वहीत “हे उघड आहे” असं लिहून खाली सही ठोकलेली.

“एकूण ऊर्जा मर्यादित आहे, कबूल,” प्राध्यापक म्हणाले. “पण ती टिचभर जागेत गोळा होणार नाही कशावरून?”

“माझ्या डिव्हिजनमध्ये परवानगीशिवाय काही गोळा होत नव्हतं.”

“साहेब, 2014 मध्ये गणितज्ञ टेरेन्स ताओनं समीकरणात थोडा फेरफार केला, ऊर्जेचा हिशेब तोच ठेवला, आणि तरी सगळं अनंताला गेलं. म्हणजे नुसत्या ऊर्जेवर हे भागणार नाही.”

“फेरफार केलेल्या कागदाचं मला सांगू नका,” साहेब म्हणाले.

मग प्राध्यापकांच्या तोंडून नको ते निघून गेलं. प्रवाह बिघडतो हे सिद्ध केलं, तरी बक्षीस तेवढंच आहे.

साहेब दोन दिवस दिसले नाहीत. तिसऱ्या दिवशी वर आले ते दोन फायली घेऊन. एकीवर ‘बिघडत नाही’, दुसरीवर ‘बिघडतो’. दोन्ही सिद्धता संपूर्ण, दोन्हींवर सही.

“यातली एक तरी चूक असणार ना, साहेब?”

“असू दे की! टेंडर दोन्ही नावांनी भरायचं. उघडेल ते आपलं.”