उच्चीचा मंगळ, मऊ मनगट

आत्मबल कमवायचं तर हल्ली आधी पत्रिका दाखवावी लागते. मेषेला कराटे, तुळेला ताई ची, आणि वृश्चिकेने म्हणे अमावास्येला लाथ उचलू नये. मंगळ बलवान असला की धैर्य घरपोच मिळतं. नसला तर अनामिकेत पोवळं घालायचं, एवढीच काय ती कसरत.

कोल्हापूरच्या तालमींत ही प्रगती अजून पोचलेली नाही. तिथे पहाटे उठून हौदातली तांबडी माती उकरावी लागते, आणि वस्ताद रास नव्हे, वजन विचारतात. आता साडेसातीचंच बघा. शनी एका राशीत साधारण अडीच वर्षं बसतो आणि मागच्या-पुढच्या राशीलाही छळतो. म्हणजे बारांतल्या तीन राशींचे पैलवान कायमच साडेसातीत! तरी कुस्त्या निकाली होतात. दोघेही साडेसातीवाले भिडले की शनीची काय पंचाईत होत असेल, देव जाणे.

जपानी तलवारबाज मियामोतो मुसाशीने १६४५ मध्ये, मरणापूर्वी, २१ नियम लिहून ठेवले. देवांना मान द्यावा, पण त्यांच्या भरवशावर राहू नये, असाही एक त्यात आहे. बिचाऱ्याला चांगला ज्योतिषी भेटला नसावा.