ओरखड्यांची वाटणी

सामायिक मोटारसेवा म्हणजे एकच मोटार अनेकांनी आळीपाळीने, तासांच्या किंवा दिवसांच्या बोलीवर, स्वतः चालवणे. मोटार मालकाची, इंधन चालवणाऱ्याचे आणि ओरखडा शेवटच्या ग्राहकाचा, अशी या सेवेतली वाटणी असते. पहिल्या दोन बाबी ॲपवर वाचायला मिळतात. तिसरी अनामत रक्कम परत येण्याच्या दिवशी कळते.

कल्पना मूळची युरोपातली. झुरिचमध्ये १९४८ साली काही लोकांनी सहकारी तत्त्वावर मोटारी सामाईक घेतल्या, कारण एकट्याला मोटार परवडत नव्हती. ॲमस्टरडॅममध्ये १९७४ साली तीन चाकांच्या, विजेवर चालणाऱ्या पांढऱ्या छोट्या मोटारी ठरावीक स्थानकांवर आल्या. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस स्वित्झर्लंड आणि जर्मनीत या सेवेने मूळ धरले. सहकारात मोटार सर्वांची, तसा ओरखडाही सर्वांचा. महाराष्ट्राला सहकार कोणी शिकवायला नको. पण इथे सामायिक मोटार आली ती ॲपमधून, आणि सहकार उरला तो बंद पडलेल्या गाडीला धक्का मारण्यापुरता.

भारतात भाड्याने घेऊन स्वतः चालवायच्या मोटारीला काळी पाटी आणि पिवळी अक्षरे असतात. १९८९ च्या केंद्रीय योजनेत या धंद्याच्या परवान्यासाठी किमान ५० मोटारींची अट आहे. मोटार नेणाऱ्याने आपल्या हालचाली परवानाधारकाला वेळोवेळी कळवाव्यात, असेही तीत म्हटले आहे. त्या काळी हे कर्तव्य पार पाडायला वाटेत एसटीडी बूथ शोधावा लागे. आता गाडीच चुगली करते. दुसरा प्रकार पांढऱ्या पाटीचा, म्हणजे खासगी गाडीचा. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे कलम ६६ परवान्याशिवाय गाडी भाड्याने फिरवू देत नाही, तरी पुण्यापासून पणजीपर्यंत पांढऱ्या पाटीच्या कितीतरी गाड्या आपला हप्ता आपणच फेडत असतात. या प्रकारात मालक किल्ली देताना ‘घरची गाडी आहे, सांभाळून’ एवढेच म्हणतो आणि नंतर दोन दिवस मोबाइलवर तिचा ठिपका बघत बसतो.

या सेवेमागचे शास्त्र निर्दोष आहे. खासगी मोटार आयुष्याचा बहुतेक काळ नुसती उभी असते. तीच चौघांनी वापरली, तर तीन मोटारी कमी लागतील. त्यासाठी एवढेच गृहीत धरावे लागते, की चौघांना मोटार चार वेगळ्या वेळी लागेल. महाराष्ट्रात ती चौघांनाही गणपतीच्या आदल्या दिवशी लागते, चौघांनाही कोकणात जायचे असते आणि चौघांनाही सात आसनांचीच हवी असते. मंगळवारी सकाळी अकरा वाजता मोटार अतिशय स्वस्त मिळते. त्या वेळी कोणाला कुठे जायचे नसते.

आता मुख्य विषय, म्हणजे ओरखडा. मोटार ताब्यात घेताना ग्राहकाने तिचे चारही बाजूंनी फोटो काढून ॲपवर चढवायचे असतात. मोटार बहुधा उड्डाणपुलाखाली किंवा एखाद्या इमारतीच्या तळघरात, दोन खांबांच्या मध्ये, भिंतीला चिकटवून उभी असते. वेळ रात्रीची असते. भिंतीकडच्या बाजूला माणूस शिरत नाही, मोबाइलधारी हात शिरतो. फ्लॅश पडला की ओरखडा पांढरा पडून नाहीसा होतो आणि न पडला की मोटारच नाहीशी होते. पावसाळ्यात तिच्यावर चिखलाचा थर असतो. म्हणजे ग्राहक ज्याचा फोटो काढतो ती मोटार नसून चिखल असतो. बाहेर बायको, दोन मुले, सासूबाई आणि पाच पिशव्या उभ्या असतात. ओरखड्यांचे प्रकार ओळखायला निवांत वेळ हवा, कारण ते बरेच आहेत: तळघरातल्या खांबाचा रुंद ओरखडा, दुचाकीच्या हँडलचा आखूड, गल्लीतल्या पोरांनी खिळ्याने काढलेला लांब व कलात्मक, आणि कोकणातल्या पाणंदीत करवंदीच्या जाळीने दोन्ही बाजूंना समसमान ओढलेला. जाणकार माणूस ओरखडा पाहून गाडी कुठल्या गावाला जाऊन आली ते सांगू शकतो.

परतीनंतर मोटार धुतली जाते. धुतल्यावर ओरखडा दिसतो आणि त्या क्षणी जो शेवटचा ग्राहक असतो, त्याच्या नावावर तो चढतो. संगीत खुर्चीत खुर्ची मिळालेला तरतो. इथे गाणे थांबताना ज्याच्या हाती किल्ली, तो बुडतो. त्याच्या आधी चिखलाखाली कितीजण येऊन गेले, हा प्रश्न ग्राहकसेवेला विचारला की ‘आपल्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत’ असे उत्तर येते आणि दिलगिरीसोबत अनामतीतून कापलेल्या रकमेचा आकडा येतो. त्या आकड्यात अख्खा दरवाजा रंगवून होतो, पण दरवाजा कोणी रंगवत नाही. तोच ओरखडा, तसाच, पुढच्या शुक्रवारी पुढच्या ग्राहकासाठी उभा असतो. म्हणजे या धंद्यात भाड्याने मोटार जाते हा समज चुकीचा आहे, भाड्याने ओरखडा जातो! आणि टायर, काच, गाडीचा पोटाखालचा भाग हे बहुधा नुकसानीच्या संरक्षणातून वगळलेले. का? तर तिथेच खड्डे लागतात. खड्डा सरकारी, मोटार कंपनीची, रस्त्याचा कर आधीच भरलेला, टोलही भरलेला, आणि रिमचा पैसा मात्र त्या माणसाने द्यायचा, ज्याने फक्त दोन दिवस आईला समुद्र दाखवला. ही वाटणी ज्याने लिहिली त्याने आयुष्यात कधी पावसाळ्यात घाट उतरलेला नाही, हे शपथेवर सांगता येईल.

सेवेचे भवितव्य उज्ज्वल आहे. विजेच्या मोटारी येतील, पुढे चालकाविना चालणाऱ्याही येतील, आणि दाराशी लावलेला कॅमेरा ओरखडे आपोआप मोजेल. तो मोजेल; पण कोणाच्या नावावर लिहायचे, हे त्याला आजची वाटणी लिहिणारीच माणसे शिकवणार आहेत. याउलट सातारा-कोल्हापूरकडच्या वडापात, म्हणजे प्रवासी गोळा करत धावणाऱ्या खासगी जीपमध्ये, दहाच्या जागी चौदा बसतात, दरवाजा दोरीने बांधलेला असतो आणि उतरताना कोणी अनामत मागत नाही. ती सेवा बेकायदा, धोकादायक आणि कोणाच्याही भाकितात न बसणारी आहे, पण तिच्यात ओरखडा चालकाचाच असतो.

तूर्त ग्राहकाने मोटार घेताना आधी पाण्याची बाटली तिच्यावर ओतावी, सावकाश व्हिडिओ काढावा, छताचा आणि चारही चाकांचा न विसरता काढावा, आणि अनामत खात्यात जमा होईपर्यंत तो मोबाइलमधून पुसू नये.