स्लीपरबाईंना खुले पत्र

श्रीमती निळ्या पट्ट्यांच्या स्लीपरबाई यांस,
सा. न. वि. वि.

तुमचं कौतुक करावं तेवढं थोडं. दळणाला तुम्ही, दुधाला तुम्ही, शेजारच्या सत्यनारायणालाही तुम्हीच. तळ झिजून फरशी दिसायला लागली तरी ‘अजून चालतील की’ म्हणत लोक तुम्हांला पोसतात. आमच्या अण्णांनी तर मधुमेहाच्या गोळ्या चुकवल्या, तुम्हांला कधी चुकवलं नाही.

सावज हेरण्यात तुमचा हात कोण धरणार? साखर वर्षानुवर्षं चढी राहिली की नसा बधिर होतात, आणि सगळ्यांत आधी लांबच्या, म्हणजे पावलांच्या. आधी मुंग्या, मग आग, मग काहीच नाही. तिथून पुढे तुमचं राज्य. तुम्ही पायातून निसटून रस्त्यात मागे पडता आणि माणूस तसाच पुढे चालत राहतो. डॉक्टर हे मुद्दाम विचारतात. रुग्ण म्हणतो, ‘चप्पल सैल झाली असेल.’ पण दोष बधिर पायाचा असतो; एवढ्या एका आरोपातून तुम्ही निर्दोष सुटता, बाई.

बाकीचे आरोप मात्र कायम. तुम्हांला मागून पट्टा नाही, म्हणून तुम्हांला धरून ठेवायला बोटं आकड्यासारखी वळवावी लागतात. भार चवड्यावर येतो, तिथे घट्टा पडतो आणि घट्ट्याखाली जखम होते. ती वरून दिसत नाही, दुखत तर नाहीच. अंगठ्याच्या बेचक्यात तुमचा पट्टा घासत असतो. पावसाळ्यात तिथेच चिखल्या होतात. मग तुमचे साथीदार मदतीला धावतात: घट्टा तासायला दाढीचं ब्लेड, शेकायला गरम पाण्याची पिशवी आणि मेडिकलमधून आणलेली कुरुपाची पट्टी. (त्या पट्टीतल्या अ‍ॅसिडला कुरूप कुठलं नि धड कातडी कुठली, हे कळत नाही.) डॉक्टरांचं नाव काढलं की अण्णा विचारणार, ‘दुखत नाही ना? मग कशाला?’ अहो, दुखत नाही म्हणूनच!

वेदना गेली की पायाचं काय होतं, हे वेल्लोरच्या डॉ. पॉल ब्रँड यांनी गेल्या शतकातच कुष्ठरुग्णांवर काम करताना दाखवून दिलं. बोटं आपोआप झडत नाहीत. न कळलेल्या, तसंच चालत राहिल्याने चिघळलेल्या जखमा त्यांना खातात. अशा बधिर पायांसाठी मऊ मायक्रोसेल्युलर रबराची, खाली टणक तळ असलेली, मागून पट्ट्याची चप्पल मिळते. एमसीआर म्हणतात तिला. ती मधुमेह्यांनाही चालते. पण आमचे लोक ‘ती कुष्ठरोग्यांची’ म्हणून नाक मुरडतात आणि पुन्हा तुमच्या पायाशी येतात. लोकलाजेइतकी इमानदार दलाल तुम्हांला दुसरी मिळाली नसती.

असो. तुमची बदली झाली आहे. नवी जोडी संध्याकाळी घेतली जाईल, कारण दिवसभरात पाय थोडे सुजतात. तिच्यात पाय घालण्याआधी रोज हात फिरवून खडा, खिळा पाहिला जाईल. रात्री आरसा खाली धरून तळवे तपासले जातील. अण्णांना वाकवत नाही, म्हणून ते काम नातवाकडे आहे आणि तो शाळेतल्या मास्तरांसारखी त्यांची हजेरी घेतो.

आपला,
एक त्रस्त पुतण्या

ता. क. तुमच्या डाव्या टाचेत घुसलेली टाचणी तेवढी इथेच ठेवून जा. ती कधीपासून आत आहे, हे अण्णांना सांगता येत नाही. डॉक्टरांना दाखवायची आहे.