काम न करणाऱ्यांचा थकवा

लॉकडाऊनमध्ये गृहिणी पार थकून गेल्या, असा अपप्रचार अजूनही अधूनमधून कानावर येतो. त्याचा एकदाचा निकाल लावलेला बरा. बर्नआउट म्हणजे नोकरी-धंद्यातल्या ताणाचा परिणाम, आयुष्यातल्या इतर गोष्टींना हे नाव लावू नये, असं जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्येच बजावून ठेवलंय. आपल्या जनगणनेतही फक्त घरकाम करणारी बाई ‘काम न करणारी’ या सदरात मोडते. जी कामच करत नाही, ती कामाने दमणार कशी? प्रश्न मिटला.

तरी काही जणी हटून बसतात आणि २०२० च्या एप्रिलचे दाखले देतात. मावशींना सोसायटीने गेटवरच अडवलं, हे खरं. पण त्या बदल्यात घर कसं गोकुळासारखं भरलं! नवरा घरी, मुलं घरी, सकाळचं फिरणं बंद म्हणून सासरेही घरी. मागण्या तरी किती साध्या! साहेबांची मीटिंग चालू असताना कुकरची शिट्टी होऊ नये आणि एकच्या ठोक्याला वरणभात मात्र वाफाळता हवा. दुधाच्या पिशव्या साबणाने धुवायच्या, भाजी मिठाच्या पाण्यात बुडवायची. तिसरीतला मुलगा मोबाइलसमोर बसला की बाईंना तो दिसेल आणि आपण दिसणार नाही, अशा बेताने जमिनीवर बसून सातचा पाढा पुटपुटायचा. रात्री नऊला सगळे ‘रामायण’ बघायला बसले, की तेवढ्यात ओटा आवरून होतोच.

पुरुषांनी हातभार लावला नाही, असंही कुणी म्हणू नये. डालगोना कॉफी कुणी घुसळली? नंतर सिंकमध्ये तीन वाट्या, पाच चमचे आणि ओट्यावर वाळलेला फेस उरला. तो खरवडतानाचा व्हिडिओ तेवढा निघाला नाही. मोबाइलचं चार्जिंग संपलं होतं.

राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने महामारीच्या आधी, २०१९ मध्ये, लोकांच्या दिवसाचा हिशेब मांडला होता. घरकाम करणाऱ्या बायका त्यात रोज सरासरी २९९ मिनिटं घालवतात आणि पुरुष ९७. हे ९७ सुद्धा जे करतात त्यांचे. दिवसभरात घरकामाला हात लावणारे पुरुष शंभरात जेमतेम २६ निघाले. उरलेल्यांनी निदान आकडेवारी बिघडवली नाही.

जुलै २०२० मध्ये मुंबईतल्या एका बाईने थेट पंतप्रधानांना ऑनलाइन साकडं घातलं: पुढच्या भाषणात पुरुषांना घरकामाबद्दल दोन शब्द सांगा. पण देशापुढे मोठे प्रश्न होते. २२ मार्चला थाळ्या वाजवून झाल्या होत्या. त्या घासायच्या कुणी, हा काही राष्ट्रीय प्रश्न नव्हे.

मनाची काळजी मात्र सगळ्यांनीच घेतली. फॅमिली ग्रुपवर रोज ‘स्वतःसाठी वेळ काढा’ असा सूर्योदयासकट निरोप यायचा. वेळ कुठून काढायचा, याचंही उत्तर तयार होतं: अर्धा तास लवकर उठा. एखादी बाथरूमचा नळ सोडून रडली, तर ‘हिला बी-ट्वेल्व्ह कमी असेल’ असं निदान हॉलमध्ये बसल्या बसल्या व्हायचं. गोळ्या आणायला निघणाऱ्याला ‘येताना कोथिंबीरही आण’ असं सांगायला मात्र तिलाच उठावं लागायचं.

सरकारदरबारी गृहिणीची कदर होत नाही, हा आरोपही खोटा आहे. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या आत्महत्यांच्या अहवालात एक व्यवसायनिहाय तक्ता असतो. त्यात विद्यार्थी, रोजंदारीवरचे मजूर यांच्या जोडीने ‘गृहिणी’ हा स्वतंत्र रकाना आहे. २०२० साली त्यात २२,३७२ जणींची नोंद झाली. प्रत्येकीचं कारण वेगळं. महामारीला बोल लावण्यातही अर्थ नाही, कारण आदल्या वर्षीचा आकडाही एकवीस हजारांच्या वरच होता. म्हणजे नेहमीचंच आहे, काळजीचं काही नाही. जनगणनेत जिचं काम सापडत नाही, तिचा व्यवसाय पंचनाम्यात बरोबर सापडतो.