पावशेर काच

सह्याद्रीचे फोटो काढायला वाइड लेन्सच हवी, असं छातीठोकपणे सांगणाऱ्याने खोपोलीतून नागफणी बघितलेली नसते. मान मागे टाकून बघावा असा तो कडा. साहेबाला त्यात वेलिंग्टनच्या ड्यूकचं नाक दिसलं, आपल्याला नागाचा फणा. १० मिलिमीटरच्या लेन्समधून बघा, ना नाक उरतं ना फणा. आभाळाच्या कोपऱ्यात एक चामखीळ तेवढी दिसते. बाकीच्या फ्रेममध्ये विजेच्या तारा, हॉटेलाची पाटी आणि कुणाची तरी उलटी झालेली छत्री. वाइड लेन्स कुणालाच नाही म्हणत नाही, हाच तिचा दोष.

यावर माझा उतारा म्हणजे ५० एमएम, एफ १.८. कॅननची ही लेन्स १६० ग्रॅमची. लहान सेन्सरच्या बॉडीवर ती ८० एमएमसारखी वागते. लोक ती बारशा-मुंजीतले चेहरे टिपायला घेतात. पण डोंगरालाही चेहरा असतो आणि तो लांबूनच चांगला दिसतो. लोणावळ्याच्या बाजूच्या तलावांचं पाणी १९१५ पासून मोठमोठ्या पाइपांतून खोपोलीच्या वीजकेंद्रात उतरतं. ते पाइप, मागचा उतार आणि त्यामागचा ढग या लेन्समध्ये लोकलच्या चौथ्या सीटवरल्या माणसांसारखे एकमेकांना खेटून बसतात. फोटो भरतो. डोंगर डोंगराएवढा दिसतो.

दुसरी लेन्स २४ एमएमची पॅनकेक. १२५ ग्रॅम, जाडी दोन सेंटिमीटरच्या जरा वर. पायवाट, भातखाचरं, पुढे चालणाऱ्याची चिखलाने माखलेली पाठ, सगळं तिच्यात नीट बसतं. दोन्ही मिळून २८५ ग्रॅम, म्हणजे पावशेराच्या थोडं वर. याउलट ७०-२०० एफ २.८ ही पांढरी तोफ एकटीच दीड किलोला टेकते आणि तिला जागा करून देताना सॅकमधून पहिला बाहेर पडतो तो जेवणाचा डबा. अशा तोफखान्याचे मालक दुपारी कुणाच्या डब्याभोवती घुटमळतात, हे मी जवळून पाहिलं आहे. डबा माझाच होता.

वाइडला अगदीच वाळीत टाकू नका. कर्जतजवळच्या कोथळीगडाच्या गुहेत कोरीव खांब आहेत आणि सुळक्याच्या पोटातून वर जायला खोदलेला जिना आहे. तिथे मागे सरकायला जागाच नसते, सरकलात तर भिंत. तिथे १०-१८ पुढे मी हात टेकतो. तीही २४० ग्रॅमचीच. पण तिच्यासाठी वेगळी रविवारची सॅक भरावी.

वजनाचं रडगाणं गाणाऱ्यांनी अ‍ॅलिस ट्रेडवेलबाईंची आठवण ठेवावी. बोरघाटातल्या रेल्वेचं कंत्राट घेतलेला त्यांचा नवरा १८५९ साली इथे आला आणि आल्या आल्याच वारला. बाईंनी काम सोडलं नाही. जाणती माणसं हाताशी धरली आणि १८६३ मध्ये घाटातून गाडी धावली. त्या बांधकामाच्या फोटोंचे आल्बमही त्यांच्या नावावर सांगितले जातात. त्या काळी काचेवर कोलोडियन ओतायचं, काच वाळायच्या आत फोटो घ्यायचा आणि तिथल्या तिथेच ती धुवायची. म्हणजे कॅमेऱ्यामागोमाग अंधारा तंबू, बाटल्या आणि काचांच्या पेट्या घाटात चढवायच्या. (उचलायला अर्थात हमाल होते. आपल्याकडे ग्रुप लीडर असतो आणि तो स्वतःची पाण्याची बाटलीही आपल्याच सॅकमध्ये सारतो.)

छोट्या लेन्सचा खरा फायदा मात्र सामाजिक आहे. मोठी लेन्स गळ्यात दिसली की तुम्ही ग्रुपचे अधिकृत छायाचित्रकार होता. धुकं फाटून दरी उघडते, नेमकी त्याच क्षणी मागून हाक येते, ‘दादा, एक डीपी काढा ना!’ पुढे आठवडाभर ‘फोटो कधी टाकताय?’ हा तगादा. पॅनकेक लावली की लोकांना वाटतं, बिचाऱ्याची मूळ लेन्स दुरुस्तीला गेली असेल. कुणी वाटेला जात नाही. दरी आपली.

पावसात मात्र लेन्स बदलू नये. घाटातला पाऊस आडवा येतो आणि उघड्या कॅमेऱ्याला तो थेट सेन्सरवर अभिषेक करतो. अशा दिवशी बॉडीबरोबर आलेली १८-५५ च लावून निघावं, तिला नावं ठेवणं घरी आल्यावर करता येतं. ओल्या पानांवरची चकाकी मारायला एक पोलरायझर हवा. ५० ची तोंडाची रिंग ४९ मिलिमीटरची आणि २४ ची ५२ ची. पोलरायझर ५२ चा घ्या आणि मध्ये एक स्वस्त जोडरिंग लावा, दोन्हींचं भागतं. घरी आल्यावर लेन्स पुसून सिलिका जेल घातलेल्या घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. चामड्याच्या देखण्या पाऊचमध्ये ठेवाल तर कोकणची हवा दिवाळीपर्यंत काचेवर बुरशीची रांगोळी काढून ठेवेल.

तरीही पैसे उरलेच, तर तिसरी लेन्स नको, चांगल्या पकडीचे बूट घ्या. खोपोलीतल्या झेनिथ धबधब्यावर मनाई असेल त्या दिवशी तिकडे फिरकू नका. दुधाळ पाण्याच्या फोटोसाठी अर्धा सेकंद शटर उघडं ठेवायचं असतं, पण लोंढा तेवढा वेळ देत नाही. आणि एवढं वाचूनही ७०-२०० आणणारच असाल तर जरूर आणा, फक्त आपापला डबाही आणा.