डबक्याचा पंचनामा

२०१८ च्या ऑगस्टात न्यूयॉर्कमधलं एक डबकं चोरीला गेलं. अगदी सगळंच गेलं असं नाही, लहान झालं. पण ज्यांचा त्याच्यावर जीव होता त्यांच्या लेखी डबकं लहान होणं हे हरवण्यापेक्षा वाईट. हरवलेली वस्तू निदान सापडते तरी.

हे डबकं होतं 'मार्व्हल्स स्पायडर-मॅन' या व्हिडिओ गेममधलं. कॅलिफोर्नियातल्या बरबँकची इन्सॉम्नियॅक गेम्स ही कंपनी सोनीच्या प्लेस्टेशन ४ साठी हा गेम बनवत होती. जून २०१७ मध्ये लॉस एंजेलिसच्या ई३ मेळ्यात त्याची झलक दाखवली गेली. एका बांधकामाच्या जागी स्पायडर-मॅन गुंडांची हाडं खिळखिळी करत होता, हेलिकॉप्टर गटांगळ्या खात होतं, क्रेन कोसळत होती. तुमचं-आमचं लक्ष हेलिकॉप्टरकडे गेलं असतं. जाणकारांचं लक्ष जमिनीवर होतं. तिथे ऐसपैस पाणी साचलं होतं आणि त्यात उजेड सांडला होता. सव्वा वर्षानं, गेम बाजारात यायला थोडे दिवस उरले असताना, तीच जागा नव्या चित्रांत पुन्हा दिसली. पाहतात तो काय, पाणी ओसरलेलं!

झालं. दोन चित्रं शेजारी-शेजारी ठेवली गेली. लाल वर्तुळं काढली गेली. 'डाउनग्रेड', म्हणजे आधी दाखवलं त्याहून हलकं देणं, हा या मंडळींच्या दंडसंहितेतला सर्वांत गंभीर गुन्हा. तो कंपनीवर दाखल झाला. कंपनीनं बिचारीनं खुलासा केला की डबक्याचा फक्त आकार बदललाय, गेमचा दर्जा होता तसाच आहे. पण ज्या अर्थी खुलासा आला, त्या अर्थी पाणी कुठंतरी मुरतंय, हे शेंबडं पोरही सांगेल. इथे तर ते डोळ्यांदेखत मुरलं होतं. तेव्हा रीतसर पंचनामा होणं प्राप्त होतं. तो असा:

'आम्ही खाली सही करणार पंच, वय वर्षे सतरा ते चव्वेचाळीस, धंदा वाट पाहणे, आज रोजी समक्ष हजर राहून लिहून देतो की, सदर जागा मॅनहॅटन येथील बांधकामाचे आवारात असून तिची चतुःसीमा येणेप्रमाणे: पूर्वेस एक बेशुद्ध गुंड, पश्चिमेस दुसरा बेशुद्ध गुंड, उत्तरेस लोखंडी सळया, दक्षिणेस स्पायडर-मॅन. सदर जागेची पाहणी चित्र थांबवून, सोळा पट मोठे करून व खोलीतला दिवा मालवून केली. सन २०१७ चे चित्रात नमूद डबके प्रशस्त असून त्यात दिवे, क्रेन व पंचांचे भवितव्य स्वच्छ दिसत होते. हल्लीचे चित्रात त्याच जागी किरकोळ ओल मिळून आली. पाणी कोणी, केव्हा व कशाकरिता काढून नेले याबाबत दक्षिणेस उभ्या इसमाकडे विचारपूस केली असता त्याने समाधानकारक उत्तर दिले नाही व जाळे फेकून निघून गेला. सदर इसमाचे कपड्याची वीण पूर्वीपेक्षा स्पष्ट दिसून येते, परंतु तो या पंचनाम्याचा विषय नाही. गेम अद्याप बाजारात आलेला नसल्याने कोणाही पंचाने तो खेळलेला नाही. येणेप्रमाणे पंचनामा आमचे सांगणेप्रमाणे लिहिला, तो वाचून पाहिला, खरा व बरोबर आहे.'

७ सप्टेंबर २०१८ ला गेम बाजारात आला आणि पहिल्या तीन दिवसांत त्याच्या ३३ लाख प्रती खपल्या. त्यात वरच्या पंचांपैकी किती जण होते हे विचारू नका, सगळे होते. रागावलेल्या चाहत्याचे आणि खूश झालेल्या चाहत्याचे पैसे एकाच गल्ल्यात पडतात, हे या धंद्यातलं मूळ तत्त्व. उलट रागावलेला बरा. खूश झालेला एकदा घेऊन गप्प बसतो. रागावलेला चार जणांना सांगत सुटतो आणि ते चौघं 'एवढं आहे तरी काय' म्हणून आणखी चार प्रती घेतात.

पुढे कंपनीनं एक खोडीही काढली. गेममध्ये फोटो काढायची सोय होती, तिच्यात डबक्यांचे स्टिकर देऊन टाकले. घ्या, हवं तिथे हवं तेवढं डबकं चिकटवा! नागरिकांच्या मागणीवरून डबकी पुरवणारी ही जगातली पहिलीच यंत्रणा असावी. आपल्या महापालिका मागणीची वाट पाहत नाहीत.

२०२० मध्ये हाच गेम प्लेस्टेशन ५ साठी घासूनपुसून पुन्हा काढला. या खेपेला प्रकाशकिरणांचं गणित मांडून प्रतिबिंबं काढली होती. साचलेल्या पाण्यात समोरची अख्खी इमारत दिसायला लागली. दोन वर्षांच्या लढ्याला यश आलं म्हणून पेढे वाटावेत, तर काय? पीटर पार्करचं तोंड बदललेलं! ज्या नटाचा आवाज आणि हावभाव होते त्याच्या चेहऱ्याच्या ठेवणीशी जुळावं म्हणून दुसऱ्या माणसाचा चेहरा घेतला, असं कंपनीनं सांगितलं. पण ऐकतो कोण? डबकं मिळालं आणि तोंड गेलं. जो इसम गेमभर तोंडावर मुखवटा घालून हिंडतो, त्याच्या हनुवटीवरून जो कल्लोळ झाला तो एखाद्या घरात सून पसंत करतानाही होत नसेल.

कपड्यांचं प्रकरण तर याहून जुनं. २०१८ च्या गेममध्ये नायकाला दोन डझनांहून जास्त पोशाख होते. चाहत्यांना हवा होता पंचविसाव्याच्या पलीकडचा: सॅम रायमीच्या २००२ च्या चित्रपटातला. तो नाही म्हणजे काहीच नाही. भरल्या कपाटासमोर उभं राहून 'घालायला एक धड कपडा नाही' म्हणण्याचा मक्ता फक्त बायकांकडे आहे, असं मानणाऱ्या पुरुषांनी तो आक्रोश ऐकायला हवा होता. कंपनीची माणसं 'जरा धीर धरा' म्हणत राहिली, त्यांना शिव्या पडत राहिल्या. डिसेंबर २०१८ मध्ये तो पोशाख आला, तोही फुकट. आभार मानले गेले. साधारण दुपारच्या चहापर्यंत. त्यानंतर, 'आणि २०१२ च्या चित्रपटातला?'

माझा भाचा याच पंथातला आहे. संगणकाची नोकरी करतो, स्वभावानं गरीब आहे, भाजीवाल्याशी कधी घासाघीस करत नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये 'स्पायडर-मॅन २' आला, त्याच्या आधीचा आमचा संवाद जसाच्या तसा देतो.

'मामा, प्री-ऑर्डर केली! चार हजार नऊशे नव्व्याण्णव.'

'का रे, संपायला आला होता?'

'डाउनलोड आहे मामा. डाउनलोड कसं संपेल?'

'मग आधीच पैसे कशाला भरलेस?'

'आधी भरले की दोन पोशाख आधी मिळतात.'

'आणि नंतर भरले तर?'

'नंतर सगळ्यांनाच मिळतात.'

त्यानं हे अशा चेहऱ्यानं सांगितलं, की अज्ञान माझंच असावं. जी वस्तू कधीच संपणार नाही तिच्यासाठी रांग लावायची, आणि जे सगळ्यांनाच मिळणार आहे ते आधी मिळावं म्हणून जादा आनंद मानायचा. देवळात हेच केलं तर अंधश्रद्धा म्हणतात.

भाच्याचं पाच हजारांत भागलं. अमेरिकेत याच गेमची संग्राहकांसाठीची खास आवृत्ती २२९.९९ डॉलरना होती. पेटीत काय? व्हेनम या खलनायकाशी झुंजणाऱ्या स्पायडर-मॅन मंडळींचा १९ इंची पुतळा आणि गेमची डबी. स्टीलची, सुबक, नक्षीदार डबी. उघडली की आत रिकामी. गेमची तबकडी नाहीच. एक सांकेतिक क्रमांक दिलेला, तो टाकायचा आणि गेम उतरवून घ्यायचा. रिकामा डबा विकत घेऊन तो शोकेसमध्ये ठेवणाऱ्यांचं हसू येतं खरं, पण त्या डब्यात एक गोष्ट काठोकाठ भरलेली असते, उत्साह. तो डाउनलोड करता येत नाही. आणि गंमत पाहा, ज्याचा हा पुतळा, तो पीटर पार्कर पहिल्या गेममध्ये भाडं थकलं म्हणून खोलीबाहेर काढला जातो. त्याच्या हाती २२९.९९ डॉलर असते तर कथानकातला तेवढा भाग वाचला असता.

हा उत्साह पूर्वानुभवानं कमी होईल म्हणाल, तर उलटंच. जून २०१५ मध्ये 'बॅटमॅन: अर्कम नाइट' आला. त्याची पीसीवरची आवृत्ती इतकी अडखळत होती, की वॉर्नर ब्रदर्सनं दोन दिवसांत तिची विक्रीच थांबवली. पुन्हा सुरू झाली ती ऑक्टोबरच्या अखेरीस. २०१९ मध्ये 'मार्व्हल्स अ‍ॅव्हेंजर्स'ची पहिली झलक आली तेव्हा त्यातली मंडळी सिनेमातल्या नटांसारखी दिसेनात. आयर्नमॅन म्हणून भलताच कुणीतरी, जणू डुप्लिकेटांचं स्नेहसंमेलन. तरी २०२० मध्ये महागडी आवृत्ती घेऊन इतरांच्या ७२ तास आधी खेळण्याचा मान पटकावणारे निघालेच. सप्टेंबर २०२३ च्या अखेरीस तो गेम विक्रीतून कायमचा काढून टाकण्यात आला. तीन दिवसांची ती आघाडी मात्र इतिहासात कुणी पुसू शकत नाही.

सर्वांत निर्दोष गेम कोणता, तर जो आलाच नाही. डिसेंबर २०२१ मध्ये 'वंडर वुमन'ची घोषणा झाली, छोटासा ट्रेलर आला, लोक हरखले. फेब्रुवारी २०२५ मध्ये गेम रद्द झाला आणि तो बनवणारा मोनोलिथ हा स्टुडिओही बंद झाला. जुलै २०२३ मध्ये 'ब्लॅक पँथर' जाहीर झाला, मे २०२५ मध्ये तोही रद्द, त्याचाही स्टुडिओ बंद. या दोन्ही गेममध्ये एकही बग निघालेला नाही. कुणाचं तोंड बदललं नाही, पाणी ओसरलं नाही, गेम मध्येच अडकला नाही. स्टुडिओतली माणसं नोकरी गमावून घरी बसली एवढंच. पण चाहत्यांनी हळहळ कुणासाठी करायची याचे नियम ठरलेले आहेत, आणि त्यांत पाण्याचा नंबर माणसांच्या वर लागतो.

खोटं वाटत असेल तर डिसेंबर २०२३ आठवा. ऱ्हायसिडा नावाच्या सायबर टोळीनं इन्सॉम्नियॅकवर दरोडा घातला, खंडणी मिळाली नाही म्हणून तेरा लाखांहून जास्त फाइली चव्हाट्यावर टाकल्या. त्यात कर्मचाऱ्यांचे पासपोर्ट होते, खासगी कागदपत्रं होती, आणि अर्धवट बनलेला 'वुल्वरिन' हा पुढचा गेमही होता. चाहत्यांनी या कृत्याचा तीव्र शब्दांत निषेध केला. निषेधाची शाई वाळायच्या आत दबक्या आवाजात विचारणा झाली, 'लिंक आहे का?' लिंक मिळाली. मंडळींनी चोरीचा माल पाहिला आणि नाक मुरडलं: ग्राफिक्स कच्चे आहेत! रंग न दिलेल्या भिंतीला रंग नाही म्हणून दोष देणारे परीक्षक या देशात आणि त्या देशात सारखेच उपलब्ध असतात. ज्यांचे पासपोर्ट उघड्यावर पडले होते ते दुसऱ्या दिवशी कामावर येऊन पुन्हा त्याच वुल्वरिनच्या नख्या कोरायला बसले असतील. संकटात सापडलेल्यांना वाचवणाऱ्या नायकावर जीव टाकणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांना समोर संकटात सापडलेली माणसं दिसली नाहीत. त्यांनी मुखवटे घातलेले नव्हते, त्यामुळे ओळख पटली नसावी.

त्या 'वुल्वरिन'चा पहिला टीझर सप्टेंबर २०२१ मधला. दारूच्या गुत्त्यात पाठमोरा बसलेला एक गडी, आजूबाजूला मार खाऊन पडलेली माणसं, आणि शेवटी हातातून सर्रकन बाहेर येणाऱ्या नख्या. बस्स. एवढ्या अधिकृत शिदोरीवर मंडळींनी चार वर्षं काढली. सप्टेंबर २०२५ मध्ये प्रत्यक्ष खेळाची दृश्यं दिसली आणि २०२६ चा वायदा मिळाला. चार वर्षं एका पाठीकडे बघत बसणं सोपं नाही. सिद्धीला पोहोचलेल्या योग्यांनीही बहुधा मध्ये कूस बदलली असेल.

परवा भाच्याकडे गेलो होतो. टीव्हीखाली प्लेस्टेशन, शेजारी गेमची उतरंड, त्यातल्या निम्म्यांवरचं प्लास्टिक अजून शाबूत. सहज विचारलं, 'तो स्पायडर-मॅन २ कुठवर आला?'

'तीस टक्के झालाय.'

'अरे, दोन वर्षं होऊन गेली!'

'वेळच मिळत नाही मामा. वुल्वरिनचा ट्रेलर फ्रेम बाय फ्रेम बघतोय ना.'

त्या मुलाला हसण्यात अर्थ नाही. त्यानं नकळत या व्यवहाराचं मर्म सांगून टाकलं. 'स्पायडर-मॅन २'च्या पहिल्या चोवीस तासांत २५ लाख प्रती खपल्या, म्हणजे परीक्षण-बिरीक्षण वाचायची उसंतही न घेता लोकांनी पैसे मोजले. ते पैसे खेळण्याचे थोडेच होते? वाट पाहण्याची बाकी चुकती केली एवढंच. गेम हा त्या वाट पाहण्यावर मिळणारा बोनस. खेळला तर खेळला. जो माणूस गेम पुरता खेळून संपवतो तो कंपनीच्या काही कामाचा राहत नाही. त्याची हौस फिटते, कंट्रोलर बाजूला ठेवून तो उठतो, खिडकी उघडतो, एखाद्या वेळी कामालाही लागतो. कुणावर असा प्रसंग येऊ नये म्हणूनच पुढचा टीझर नेहमी वेळेवर येतो. वेळेवर येणारी या उद्योगातली तेवढी एकच वस्तू आहे.